“रोज यायला लागत नाही” की विभागाचं वसतिगृह? बी.एड.ला निघालेल्या मुलीला उत्तर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तू बी.एस्सी. झालीस, बी.एड.च्या सीईटीत १०० पैकी ६८ गुण आहेत. विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात नंबर लागेल असं दिसतंय, पण तो गावापासून लांब, म्हणजे वसतिगृह आलं. तिथे रोज हजेरी, सकाळचा परिपाठ, शिबिर, कार्यक्रम. तालुक्याच्या गावी दुसरं एक कॉलेज आहे. तिथे “रोज यायला लागत नाही, पाठ लिहून दिले की झालं” असं सांगितलंय. म्हणजे घरी बसून टेटचा, शिक्षक भरतीच्या परीक्षेचा, अभ्यास होईल. तू विचारतेस की विभागातल्या मुलांचं यश म्हणजे नेमकं काय, आणि ते सामूहिक जीवन खरंच लागतं का, की तेवढा वेळ परीक्षेला द्यावा?

मी सव्वीस वर्षं छात्राध्यापकांना शिकवते आहे, एक वर्षाचं बी.एड. असताना आणि २०१५ पासून दोन वर्षांचं झाल्यावरही. तुझ्या वयाच्या मुलींना वर्गात मी तूच म्हणते, इथेही तसंच म्हणते. माझं उत्तर स्पष्ट आहे: विभागात जा. पण तुला ज्या कारणांसाठी जा म्हणून सांगत असतील, म्हणजे नाव मोठं, इमारत मोठी, ती माझी कारणं नाहीत.

आधी परीक्षांचं बोलू, कारण तुझी काळजी खरी आहे. पहिली ते आठवीला शिकवायचं तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, हवी. १५० गुणांची परीक्षा, खुल्या गटाला ९० गुण लागतात. त्यानंतर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, जिला सगळे टेट म्हणतात. ती २०१७ साली पहिल्यांदा झाली. २०० प्रश्न, १२० मिनिटं; अभियोग्यतेला १२० गुण, बुद्धिमत्तेला ८०. तिच्या गुणांवर सरकारच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड होते. हे गुण तुला कुठलाही विभाग देणार नाही. ते सरावाचे गुण आहेत आणि सराव घरीही होतो, हे मी मान्य करते.

पण घरी सराव कसा होतो तेही मी पाहिलंय. पहिले दोन महिने जोरात, मग कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, सोयाबीनची काढणी, आणि पुस्तक जिथे उघडं ठेवलं तिथेच राहतं. आमच्या वसतिगृहात एका वर्षी पाच मुली रोज रात्री साडेआठला मेसमधलं जेवण उरकून गच्चीवर घड्याळ लावून बसायच्या. २०० प्रश्नांना १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. एक जण वाचायची, चौघी उत्तर लिहायच्या, ३६ सेकंद झाले की पुढचा प्रश्न. दोघी विज्ञानाच्या, दोघी मराठीच्या, एक इतिहासाची. संख्यामालिका विज्ञानवाल्या समजावायच्या, मराठी व्याकरणात त्यांचीच पंचाईत व्हायची तेव्हा बाकीच्या सांगायच्या. त्या पाचपैकी तिघींची पुढच्याच भरतीत निवड झाली, चौथीची त्यानंतरच्या. पाचवीने संशोधनाची वाट धरली; ती सेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा, उत्तीर्ण होऊन आता पीएच.डी. करते आहे. त्यांची नावं फलकावर लागली तेव्हा मला आनंद झाला आणि फलकावर नाव लागणं हे यश आहेच, त्याला कमी लेखायचं कारण नाही. मात्र त्या यशातही चार जणींची सोबत होती.

आता ज्या यशाला फलकावर जागा मिळत नाही त्याकडे येते.

बी.एड.च्या पहिल्या सत्रात सूक्ष्म अध्यापन असतं. एक कौशल्य घ्यायचं, प्रश्न विचारण्याचं, फलकलेखनाचं किंवा उदाहरण देण्याचं, आणि तेवढ्या एकाच कौशल्यावर सहा मिनिटांचा पाठ घ्यायचा. समोर खरी मुलं नसतात. तुझेच सात-आठ सहाध्यायी विद्यार्थी होऊन बसतात. पाठ ६ मिनिटं, त्यावर प्रत्याभरण, म्हणजे पाहणाऱ्यांचा अभिप्राय, ६ मिनिटं, पुन्हा नियोजन १२ मिनिटं, तोच पाठ पुन्हा ६ मिनिटं, पुन्हा प्रत्याभरण ६ मिनिटं. एक चक्र ३६ मिनिटांचं. ही पद्धत अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३च्या सुमारास ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. आपल्याकडे तिला हे ३६ मिनिटांचं रूप आलं.

एक मुलगा होता, एम.एस्सी. भौतिकशास्त्र, विषयात पक्का. त्याने घर्षणावर पाठ घेतला. निरीक्षणाला बसलेल्या मुलीने त्याच्या पाठात फक्त एक गोष्ट मोजली: तो “समजलं का?” किती वेळा म्हणतो. तिच्या वहीत उभ्या रेघा होत्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी. सहा मिनिटांत चौदा वेळा. आणि दर वेळी उत्तराची वाट न बघता तो पुढे गेला होता. तिने वही त्याच्यापुढे धरली. तो चिडला. “असं काही मी म्हणालोच नाही,” म्हणाला. मग बाकीचे हसले नाहीत, ही माझ्या दृष्टीने त्या दिवसाची मोठी गोष्ट. एकाने शांतपणे सांगितलं, “मी विद्यार्थी होऊन बसलो होतो ना, मला तिसऱ्या वेळेनंतर वाटलं की आता नाही म्हणायची सोयच नाही.” त्या बारा मिनिटांत त्या दोघांनी मिळून चौदा “समजलं का”च्या जागी तीन खरे प्रश्न बसवले. एक होता, “सायकलचा ब्रेक पावसात नीट का लागत नाही?” पुन्हा पाठ झाला तेव्हा रेघा दोनच पडल्या.

हे घरी बसून कसं होईल? पाठाचं टाचण घरी लिहिता येतं, नक्कलही करता येते. आपण वर्गात कसे दिसतो, कसे ऐकू येतो, ते आपल्याला स्वतःला कळत नाही. ते दुसऱ्याने सांगावं लागतं. सांगणारा असा हवा की त्याचं ऐकून घेता येईल. आणि ज्याच्याबरोबर तू चहा प्यायलेली नाहीस, ज्याच्या पाठाला तू मागच्या बाकावर बसलेली नाहीस, त्याने वही पुढे धरली तर तू ती मनापासून बघशील असं मला वाटत नाही. परिपाठ, मेस, शिबिर हे सगळं पाठाच्या खोलीबाहेरचं वाटतं, पण त्या वहीतल्या रेघा पाहून घेण्याची ताकद तिथूनच येते. सामूहिक जीवन लागतं का या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे.

दुसरी एक हकीकत, जरा लांबची, पण सांगायलाच हवी.

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत जातात, साधारण ४ पहिल्या वर्षी आणि १६ दुसऱ्या. यालाच आंतरवासिता म्हणतात. आमची एक विद्यार्थिनी साखर कारखान्याजवळच्या शाळेत होती. दिवाळीनंतर ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची चार मुलं पाचवीत दाखल झाली. ती बोलायचीच नाहीत. वर्गशिक्षिकेकडे दोन वर्ग, त्यांना वेळ नव्हता. मुलं मार्चपर्यंतची, मग जाणारच, असं सगळ्यांनी धरलं होतं. आमच्या मुलीने आठवडाभर पाहिलं की ही मुलं मधल्या सुट्टीत आपसात भरभरून बोलतात, फक्त ती बोली तिला कळत नाही. रात्री मेसमध्ये जेवताना ती हे सांगत होती. तिच्या खोलीतली मैत्रीण धडगावकडची, पावरा समाजातली. ती म्हणाली, “ती काय बोलतात ते दोन शब्द म्हणून दाखव.” हिने दाखवले. ती म्हणाली, “अगं, ही तर आमची मुलं.”

मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन ती मैत्रीण शनिवारी सकाळी त्या शाळेत जायला लागली. दोघींनी मिळून शब्दपट्ट्या केल्या, एका बाजूला पावरी शब्द देवनागरीत, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि वर चित्र. आकडे मुलांकडून त्यांच्या बोलीत मोजून घेतले, मग वजाबाकी. मार्चपर्यंत दोन मुलं सोपी वाक्यं वाचू लागली, एक हातचा घेऊन वजाबाकी करू लागला. चौथी मुलगी जानेवारीतच गेली, टोळी दुसऱ्या कारखान्याकडे हलली म्हणून. त्या दोघी ती खंत आजही बोलून दाखवतात. त्यांनी यावर कृतिसंशोधन लिहिलं, ‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन महोत्सवासाठी पाठवलं, विद्यापीठ पातळीच्या पुढे गेलं नाही. पण मला विचारशील की विभागातल्या विद्यार्थ्यांचं मोठं यश कोणतं, तर मी हेच सांगेन. आणि ते मेसच्या ताटावर सुरू झालं.

विशेष म्हणजे त्या धडगावच्या मुलीला आमच्याकडे आल्यावर पहिले तीन महिने आपली बोली लपवावीशी वाटायची. परिपाठात बोलायची वेळ आली की ती आजारी पडायची. त्या शाळेनंतर तिने परिपाठात पावरी गाणं म्हटलं आणि अर्थ सांगितला. ‘इंद्रधनुष्य’ या विद्यापीठांच्या सांस्कृतिक महोत्सवात चमकणारी मुलं आमच्याकडे झाली आहेत, त्यांचाही मला अभिमान आहे, पण त्या सकाळचं ते गाणं माझ्या कानात जास्त आहे.

शिक्षकाने सोबत राहून घडावं ही कल्पना आपल्या मातीत जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका पंगतीत ठेवणारं वसतिगृह उभं केलं आणि १९३५ मध्ये तिथेच ग्रामीण प्राथमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षणाची सोय केली. आधी वसतिगृह आणि मग अध्यापक विद्यालय, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी वारली मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा कुरणात नेली. आमची अभ्याससहल कोसबाडला जाते तेव्हा मी मुलांना एवढंच सांगते की या दोघींनी एकमेकींच्या सोबतीने काम केलं, त्यावर विचार करा. सावित्रीबाईंनीही आधी प्रशिक्षण घेतलं होतं, हे ३ जानेवारीच्या भाषणांत बऱ्याचदा सुटतं. शिकवण्याआधी शिकवायला शिकावं लागतं, हे त्यांनी १८४८च्या आसपास ओळखलं होतं.

आता दुसरी बाजू. विभागात सगळं छान असतं असं मी म्हणणार नाही. शिबिराचंच घे. काही वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आलं की शिबिरात चूल मुली पेटवतात आणि गावसभेत माईक मुलांच्या हातात असतो. कुणी तसं ठरवलं नव्हतं, आपोआप झालं होतं, आणि मी स्वतः चार शिबिरं ते पाहूनही पाहिलं नव्हतं. मग कामाची पाळी चिठ्ठ्या टाकून लागायला लागली. पहिल्या वर्षी भात करपला, एका मुलाने पोळ्यांचे नकाशे लाटले, आणि गावसभेत दोन मुली अशा बोलल्या की सरपंचबाईंनी त्यांना शाळेच्या कार्यक्रमाला पुन्हा बोलावलं. भांडणंही होतात. गट कुणी पाडले, मार्गदर्शकाने कुणाला झुकतं माप दिलं, कुणाचं आडनाव ऐकून कुणी ताट सरकवलं. शेवटचं एकदा झालं तेव्हा आम्ही दोन दिवस तास बंद ठेवून बसलो, बोललो. वर्गात चाळीस घरांची मुलं येणार आहेत. शिक्षकाने हे आधी स्वतःच्या पंगतीत निस्तरलं पाहिजे.

आणखी एक, जे बाहेरच्यांना माहीत नसतं. बी.एड.चा वर्ग एका वयाचा नसतो. तुझ्या शेजारी एकवीस वर्षांची मुलगी असेल, मागे पस्तीस वर्षांची दोन मुलांची आई. दर दोन वर्षांत एखादी तरी विद्यार्थिनी बाळंत होते. लेखी परीक्षा चालू असताना बाहेर व्हरांड्यात बाळाला घेऊन फिरणाऱ्या वर्गमैत्रिणी मी पाहिल्या आहेत; स्वतःचा पेपर दुसऱ्या दिवशी, तरी. अशा वर्गात राहिल्यावर पालकसभेत समोर बसलेल्या आईशी कसं बोलायचं ते वेगळं शिकवावं लागत नाही.

“यायला लागत नाही” याबद्दल मी जरा कठोर बोलते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४च्या नियमांत बी.एड.ला वर्षाला किमान २०० कामाचे दिवस सांगितले आहेत, प्रवेश आणि परीक्षेचे दिवस सोडून. तासिका आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के, आंतरवासितेला ९० टक्के हजेरी. म्हणजे जे कॉलेज तुला येऊ नको म्हणतं, ते तुझी खोटी हजेरी मांडणार. तुझं पहिलं व्यावसायिक कागदपत्र खोट्यावर उभं राहणार. आणि पुढे एके दिवशी पगार सुरू झालेला असेल, समोर पन्नास मुलं असतील, आणि तो तुझा आयुष्यातला पहिला खरा तास असेल. त्या मुलांचं त्यात काय चुकलं? शिवाय खासगी संस्थांच्या मुलाखतीसह भरल्या जाणाऱ्या जागांना पाठ घ्यायला लावतात, तेव्हा टाचणांची वही कामाला येत नाही.

विभागात जाच म्हणते, पण आंधळेपणाने नको. साध्या कामाच्या दिवशी जाऊन बघ, समारंभाच्या दिवशी नको. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार की तुमचा पाठ मार्गदर्शक पूर्ण बसून पाहतात की सही करून जातात. एखादीची पाठाची वही मागून घे आणि शेरे वाच. सगळीकडे “छान, प्रयत्न चांगला” असेल तर सावध राहा. “तिसऱ्या प्रश्नानंतर थांबला नाहीस, मागच्या रांगेकडे बघितलं नाहीस” असं काही असेल तर ती जागा चांगली. स्टेजवर दर वेळी तेच पाच जण दिसतात का ते विचार. फोटो काढण्यापुरते कार्यक्रम काही ठिकाणी होतात, त्यातून मुलांना काही मिळत नाही. ते ओळखायची खूण म्हणजे कार्यक्रमानंतर खुर्च्या कोण उचलतं. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं, आंतरवासितेच्या शाळा कोणत्या, माजी विद्यार्थी येऊन पाठ दाखवतात का, एवढं विचारलंस तरी चित्र कळेल.

पैशाचं तू लिहिलं नाहीस, पण प्रश्नामागे ते असणार. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच घे, कारण बहुतेक सवलती त्याला जोडलेल्या आहेत. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. राहण्याच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना बघ. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर होतात. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आत्ताच काढून ठेव, दाखल्यापायी मुली अडकलेल्या मी दर वर्षी पाहते. ‘कमवा आणि शिका’ योजना बऱ्याच विद्यापीठांत आहे, ग्रंथालयात किंवा बागेत रोज दोन-तीन तास काम मिळतं. आमच्या कितीतरी मुलींचा मेसचा खर्च त्यातून निघाला.

पर्याय भरताना पहिला विभागाचा टाक. नाही लागला तर अनुदानित कॉलेज, जिथे रोज जावं लागतं असं.

आणि जायच्या आधी एक करून बघ. आठवी-नववीच्या विज्ञानातला तुला आवडणारा एक मुद्दा घे, घरातल्या दोघा-तिघांना समोर बसव आणि सहा मिनिटं शिकव. धाकट्या बहिणीच्या हातात वही दे. “समजलं का?” म्हणालीस की तिने रेघ मारायची. किती पडल्या ते मला कळव.